हत्तीणीचा लिवर

हत्तीणीनं लाथ मारली तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला माझ्या पोराची होडी होती. नायतर गाडी बंद पडल्याचं रडगाणं गाणारी बाई मी न्हाय.

हत्तीण म्हणजे आमची टोइंगची गाडी. मिलिटरीच्या लिलावातून निघालेली, चारही चाकांना ताकद असलेली, मागं लोखंडाची सोंड आणि तिच्याखाली दोर गुंडाळायचं विंच. आमच्या ह्यांनी, हिरामणनी, ती दारात आणून उभी केली तेव्हा निकेश रांगत होता. तेव्हापासून हिरामण पुढं स्टेअरिंगवर आणि मी मागं लिवरवर. लिवर पुढं ढकलला की दोर खेचला जातो, मागं घेतला की सैल होतो, मधे ठेवला की जागच्या जागी थांबतो. बावीस वर्षं हेच केलं. रेवदंड्यापासून काशीदपर्यंत समुद्रकिनारी गाडी घालून रुतलेले किती मुंबईकर मी बाहेर काढले त्याची गणती न्हाय. आधी बाई बघून हसायचे, मग पाणी दरवाज्याला लागलं की काकी काकी करायचे.

निकेशला मात्र ग्रीसचा वास कधी मानवला न्हाय. पोरगा समुद्राकडं गेला. दोन वर्षं सुताराच्या हाताखाली राबून त्यानं आपली होडी उभी केली, फळीन्‌फळी स्वतः घासली. लग्न झालं तेव्हा सुनेला, जागृतीला, आधी होडी दाखवली आणि मग घर. आणि पहिल्याच हंगामात, मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला, पुनवेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी सुकाण मोडलं. पाण्यानं होडी उचलली आणि किनाऱ्यावर आणून टाकली.

तळाच्या दोन फळ्या उघडल्या होत्या. समुद्राकडं ओढावी तर बुडणार. वर ओढावी तर दहा टनांचं धूड, माणसांना हलत न्हाय. जेसीबी बोलावला तर तो स्वतःच कमरेइतका रुतला, उलट त्यालाच आम्ही काढला. वाळूवर चालेल आणि दहा टन ओढेल अशी एकच गाडी अख्ख्या किनाऱ्यावर, ती म्हणजे आमची.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे घाई कशाची होती ते कळेल. पुनवेचं उधाण ओसरलं की भरती रोज कमी कमी वर चढते. होडी पडली होती तिथपर्यंत पाणी काही दिवस येणार नव्हतं. पण अवसेला येणार. पावसाळ्याच्या तोंडावरची अवस, तिचं उधाण होडीची ढलपीसुद्धा ठेवत न्हाय.

निकेश तिसऱ्या दिवसापासून होडीतच राहायला गेला. जागृती डबा घेऊन जायची, तो डबा घ्यायचा आणि वर यायचा न्हाय. मी गेले, शिव्या घातल्या, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो फळीवर बसून बोलला, "आये, हिला नेली तर मलाबी नेऊ दे."

पोरगा कधी फुशारकी मारतो आणि कधी खरं बोलतो ते आईला कळतं. त्या दिवशी तो खरं बोलत होता. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की अवसेचं पाणी येतंय आणि हा खाली उतरत न्हाय.

म्हणून आम्ही हत्तीण वाळूवर उतरवली होती. तीन वाव, म्हणजे अठराएक फूट, दोर आला, होडी कण्हत वर सरकली, आणि इंजिनात घणाचा घाव बसल्यासारखा आवाज झाला. आतला रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. मेकॅनिक लोक त्यालाच लाथ मारली बोलतात. तेल वाळूवर सांडलं. हिरामण खाली उतरले, भोकात बोट घालून बघितलं आणि तिथंच बसले. अवसेला नऊ दिवस होते.

चौलच्या नाक्यावर प्रज्योतचं गॅरेज हाय. हत्तीणीला तोच बघतो, रस्त्यावरच्या ट्रकला लांब दोर लावून तिला तिथं ओढत नेली. तो बोलला, "मावशी, हे इंजिन शिवून न्हाय चालणार. दुसरं टाकावं लागेल, गिअरबॉक्ससकट." तशी आम्ही तिघं कळंबोलीच्या भंगारात गेलो. उन्हात दोन तास फिरलो. शेवटी दोन इंजिनं उरली, जी चालू करून दाखवली आणि जी हत्तीणीच्या पोटात बसू शकतील.

एक होतं जुन्या बसचं. सहा सिलेंडरचं, भारी, चालू केलं तेव्हा खालची फरशी थरथरली. हिरामणचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा झाला. दुसरं होतं एका टिपरचं, खडी टाकणाऱ्या गाडीचं. चार सिलेंडरचं, काळंकुट्ट, आवाज खोकल्यासारखा. पण त्याच्या गिअरबॉक्सच्या कुशीतून एक दांडा बाहेर निघत होता. टिपरचा हौदा त्यानंच वर उचलतात. प्रज्योत त्याला पीटीओ बोलतो. आमच्या विंचला ताकद तशाच दांड्यातून मिळते. बसच्या गिअरबॉक्सला तो दांडाच नव्हता.

हिरामण बोलले, "बसचं घेऊ. ताकद बघ ताकद. विंच काय करायचं हाय? होडीला साखळी बांधू, चारही चाकं लावू, गाडीनंच ओढू."

"वाळूत?" मी बोलले. "चाकं खड्डा खणतील आणि तुमी त्यात बसाल. गाडी ओढत न्हाय वो, दोर ओढतो. गाडी नुसती उभी राहते."

"तुला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं न्हाय कळत. ओढण्यातलं कळतं. बावीस वर्षं मागं काय मी गोट्या खेळत होते?"

भंगारवाला चाचा खुर्ची घेऊन बसला आणि मजा बघू लागला. प्रज्योतला विचारलं तर तो मान खाली घालून बोलला, "काका, मावशी बरोबर हाय. शिवाय बसचा गिअरबॉक्स लांब हाय. पुढच्या चाकांना ताकद देणारा डबा मग बसायचाच न्हाय. वाळूवर दोन चाकांवर काय करणार?" हिरामण बसच्या इंजिनावर हात फिरवून आले, देवाच्या मूर्तीवर फिरवावा तसा. मग टिपरचं उचललं.

निवड बरोबर होती. आजही बोलते, निवड बरोबर होती.

प्रज्योतनं जिवाचं रान केलं. शेडच्या गर्डरला वजन उचलायची चेनकुप्पी लावून जुनं काढलं, नवं आत सोडलं. इंजिन ज्याच्यावर बसतं ती फाउंडेशनं कापून पुन्हा वेल्ड केली. शाफ्ट लांब पडत होता तो चार बोटं कापला. अष्टमी गेली, नवमी गेली, एकादशीला क्लच लागेना. मी रोज शेडमधून किनाऱ्यावर आणि किनाऱ्यावरून शेडमध्ये. निकेश दाढी वाढवून होडीत बसलेला. मी सांगायचे, "इंजिन बसलं, आता शाफ्ट राहिलाय." तो समुद्राकडं बघत बोलायचा, "हो." बस, एवढंच.

त्रयोदशीच्या संध्याकाळी हत्तीण चालू झाली. खोकली, धूर सोडला आणि चालू राहिली. मी दोन्ही हात जोडले. मग प्रज्योतनं विंच लावून बघितलं आणि माझ्याकडं वळला.

"मावशी, एक घोळ हाय. ह्या टिपरचा दांडा उलटा फिरतो. लिवर पुढं टाकला की आता सैल होणार. खेचायला मागं घ्यायचा."

"मग?"

"लिवरचा सांधा उलटून देतो. लेथवर एक तुकडा बनवावा लागेल. आत्ता अलिबागला जातो, सकाळपर्यंत करून आणतो."

मी त्याच्याकडं बघितलं. दोन रात्री झोपला नव्हता, डोळे लाल. पण मी नको बोलले त्याचं खरं कारण ते नव्हतं. खरं सांगते, मला राग आला. बावीस वर्षं लिवर धरणाऱ्या बाईला हा कालचा पोरगा सांगतो की तुला पुढंमागं कळणार न्हाय.

"काय गरज न्हाय," मी बोलले. "पुढं सैल, मागं खेच. मी काय बालवाडीत हाय? जा, झोप."

जागृती तिथंच उभी होती. अलिबागला तहसीलजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते ती, सगळ्याला पाटी लावायची सवय. तिनं विचारलं, "आई, लिवरपाशी बाण काढू का? पटकन दिसेल." मी बोलले, लिवरला हात लावायचा न्हाय. ती ह्या घरात आली त्या दिवसापासून मी तिला हेच सांगत आलेय. तरी तिनं माझी पाठ वळल्यावर पर्समधली नेलपॉलिश काढली आणि लिवरच्या खाली पत्र्यावर दोन बाण काढले. लालभडक. एकाखाली लिहिलं खेच, दुसऱ्याखाली सैल. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सगळे गेल्यावर मी एकटी मागं चढले आणि सवय केली. मनात बोलायचे खेच आणि लिवर मागं घ्यायचे. सैल, पुढं. वीस वेळा केलं. सात वेळा चुकले. लिवर धरताना मी लिवरकडं कधी बघतच न्हाय, माझी नजर दोरावर असते, मग बाण काय कामाचे? वीसमधे सात. हे मी कुणाला बोलले न्हाय. प्रज्योतला फोन लावला असता तर तो उठून आला असता. न्हाय लावला.

चतुर्दशीला पहाटे पाणी पार खाली गेलं होतं. उजाडता उजाडता आम्ही हत्तीण वाळूवर घेतली. दुपारची भरती होडीपर्यंत येणार हे नक्की होतं, म्हणजे हातात चार-पाच तास. हत्तीण वरच्या कोरड्या वाळूत उभी केली, पुढून साखळदंडानं सुरूच्या दोन झाडांना बांधली. हिरामण केबिनमधे, ब्रेकवर पाय रोवून, कारण हँडब्रेक धरत न्हाय. प्रज्योत बॉनेटपाशी, कारण पाण्याचा पाइप गळत होता आणि रेडिएटरमधे सारखं पाणी ओतायला लागत होतं. गावातली दहा-बारा माणसं होडीला खांदा लावून. निकेश खाली उतरला तो होडी वर जाणार म्हणून. होडीखाली माडाचे ओंडके टाकायचे काम त्याचं. जागृती हत्तीणीपाशी पाण्याचे कॅन भरून ठेवत होती.

इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत न्हाय. म्हणून आमचं हातानं चालतं. हात वर केला की खेच. हात खाली दाबला की सैल. मूठ म्हणजे थांब.

निकेशनं हात वर केला. मी मनात बोलले, मागं. लिवर मागं घेतला. दोर ताणला, टिपरचं इंजिन खोकलं, दबलं, आणि होडी हलली. खालून माणसं ओरडली. आवाज आला न्हाय, तोंडं उघडलेली दिसली. एक वाव. दोन. निकेशनं मूठ दाखवली, मागचा ओंडका काढून पुढं टाकला. हात वर. मागं. पुन्हा एक वाव. पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोराच्या तोंडावर हसू बघितलं. मला वाटलं झालं, जिंकलो.

तीन तास असे गेले. वीसेक वाव होडी वर आली होती. तितकीच अजून न्यायची होती, आणि मधला भाग चढाचा. पाणी मागून यायला लागलं होतं, लाटेचा फेस होडीच्या ढुंगणाला लागत होता. निकेश घाई करत होता, मी घाई करत होते. मनात मागं, मागं बोलणं कधी थांबलं ते मला कळलं न्हाय. हात आपोआप चालायला लागला होता. आणि मला वाटलं, बरं झालं, बसली सवय.

होडीच्या मागं चढावर एक ओंडका तिरका झाला. होडी मागं येऊ नये म्हणून त्याखाली पाचर मारायला निकेश वाकला, एक पाय ओंडक्यापाशी, आणि न बघता हात वर केला. थोडं खेच, म्हणजे पाचर आत जाईल.

मी लिवर पुढं ढकलला.

दोर सैल पडला. दहा टनांची होडी वावभर मागं घसरली. मी लिवर मधे आणला, दोर ताणून थांबला, आणि मला निकेश दिसेना. मग दिसला. वाळूत आडवा पडलेला, डावा पाय गुडघ्यापर्यंत होडीखाली, ओंडका आणि तळाची कड ह्यांच्या मधे. तो ओरडत होता. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. माणसं होडीला खांदे लावून ढकलत होती आणि होडी हलत नव्हती. लाट आली, त्याच्या छातीवरून गेली आणि परत गेली.

करायचं ते साधं होतं. खेचायचं. हात-दोन हात खेचलं की पाय सुटतो. मात्र पुन्हा सैल सोडली तर होडी त्याच्या अंगावरून जाणार.

मागं म्हणजे खेच. मला ठाऊक होतं. खाली लाल बाण होता, मी तो बघितला, वाचला. खेच. लिवरवर हात ठेवला आणि हात पुढं जायला लागला. मी तो थांबवला. पुन्हा ठेवला. पुन्हा पुढं. हात माझा, मनगट माझं, आणि ऐकत न्हाय. डोकं ओरडत होतं मागं मागं आणि हात बावीस वर्षांचं जुनं काम करायला निघाला होता. देवा, मी त्या वेळी मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

हिरामण ब्रेक सोडू शकत नव्हते. प्रज्योतनं पाणी ओतणं सोडलं असतं तर इंजिन तापून बंद पडलं असतं. दुसरी लाट आली, ती निकेशच्या गळ्याला लागली.

मी लिवर सोडला.

"जागृती," मी तिच्याकडं वळून ओरडले. "वर ये."

ती कॅन टाकून चढली. तिचा नवरा खाली पडलेला तिनं बघितला होता, तोंड पांढरंफट झालेलं. ती बोलली, "आई, मला येत नाही."

"म्हणूनच. तुझ्या हाताला काही येत न्हाय म्हणूनच तू धर. तू काढलेला बाण बघ. दुसरीकडं बघू नको. त्याच्याकडं बघू नको. मी सांगते तेव्हा."

तिनं दोन्ही हातांनी लिवर धरला. नजर बाणावर. मी दोराकडं बघितलं, निकेशकडं बघितलं.

"खेच."

तिनं मागं घेतला. बरोबर. दोर ताणला. होडी बोटभर हलली.

"थांब."

मधे आणला.

"खेच."

मागं. होडी वीतभर वर आली. निकेशनं डोकं मागं टाकलं. माणसांनी त्याच्या काखेत हात घातले.

"थांब. पुन्हा खेच."

मागं.

"खेच."

मागं. पाय सुटला. दोघांनी त्याला ओढून पाण्याबाहेर घेतला, तेव्हा कुठं माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडं गेलं. तो पदराजवळ हवेतच होता. ती लिवर मागं घेत होती तेव्हा दर वेळेला माझा हात पुढं गेला होता. चारही वेळा. मी बघत होते त्याच्याकडं आणि तो अजून पुढंच होता, मूठ वळलेली. मी तो डाव्या हातानं धरला आणि पदराखाली घेतला.

निकेशला रिक्षात घालून अलिबागला नेलं. हिरामण त्याच्यासंगं गेले, ब्रेकवर एक ड्रायव्हर बसवून. होडी अर्ध्यात होती आणि पाणी येतच होतं. जाताना निकेशनं रिक्षातून मान बाहेर काढली आणि होडीकडं बोट दाखवलं, म्हणून मी थांबले. उरलेली वीस वाव जागृतीनं ओढली. मी बाजूला उभी राहून खेच, थांब बोलत होते. ती बाणाकडं बघत होती आणि रडत होती आणि एकदाही चुकली न्हाय. बारा वाजता पाणी आलं तेव्हा होडी सुरूच्या झाडांखाली कोरडी होती.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. नडगीचं हाड दोन जागी मोडलेलं, डॉक्टर बोलले सळई घालावी लागेल, चालेल पुढं. निकेश औषधाच्या गुंगीत होता. जागृतीला बघितलं, होडीचं विचारलं, तिनं सांगितलं. मग माझ्याकडं वळला.

"आये, दोर कसा गं सुटला?"

हिरामण लगेच बोलले, "जुना दोर बाबा, सरकला असंल." प्रज्योत दारात उभा होता, त्यानं खाली बघितलं. त्याला ठाऊक होतं. मी मान हलवली असती तर तिथंच मिटलं असतं.

"दोर सुटला न्हाय," मी बोलले. "मी सोडला. रात्री वीसमधे सात वेळा चुकले होते आणि कुणाला सांगितलं न्हाय."

मग निकेशनं हात पुढं केला, माझा हात धरायला. मी डावा दिला.